‘सगळेच म्हणतात…’ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

रंकाळ्याच्या कट्ट्यापासून साखर कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत जी वाक्यं रोज कानावर पडतात, त्यांतलं एखादं पाठवा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. उसाबद्दलची पत्रं सर्वांत जास्त आली, यात नवल नाही. निवडक सहा प्रश्न इथे घेतले आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सर्वमान्य मत कच्चं निघालं म्हणून त्याच्या उलटं मत आपोआप पक्कं ठरत नाही. त्यामुळे काही उत्तरं दोन्ही बाजूंना टोचतील.

प्रश्न : साखर दुकानात चाळीसच्या पुढे आणि आमच्या उसाला किलोला साडेतीन रुपये. मधले सगळे कारखानदार खातो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. खोटं आहे का? (शेतकरी, कागल तालुका)

उत्तर : हिशेबाची मांडणीच चुकली आहे. किलोभर उसातून किलोभर साखर निघत नाही. उतारा (उसाच्या वजनात निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) 12 टक्के धरला तर एका टनातून 120 किलो साखर मिळते. कारखान्याच्या दारात ती 38 रुपयांनी गेली असं समजू. टनामागे 4,560 रुपये झाले.

आता देणं बघा. 2025-26 च्या हंगामाची एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर) 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये आहे आणि त्यापुढे दर 0.1 टक्क्याला 3.46 रुपये वाढतात. 12 टक्क्यांना 17.5 टप्पे होतात, म्हणजे 60.55 रुपयांची भर. क्विंटलला 415.55, टनाला 4,155 रुपये 50 पैसे. यातूनच तोडणी-वाहतूक कापली जाते. ती 900 रुपये धरली तर तुमच्या खात्यावर 3,255 च्या आसपास येतात. साखरेच्या पैशातला 91 टक्के भाग उसावरच गेला. उरलेल्या चारशे रुपयांत कामगारांचे पगार, बंद हंगामातली दुरुस्ती आणि कर्जाचं व्याज बसवायचं. टनामागे 40-45 किलो मळी निघते, तिचे पैसे वेगळे. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, पावणेतीनशे किलोच्या पुढे निघतो, पण बराचसा बॉयलरमध्येच जळतो.

‘बघा, आम्ही काही खात नाही,’ असं यावर संचालक मंडळ म्हणेल. तेही घाईचं. पैसा हातोहात जाऊ शकतो अशा जागा आहेत, फक्त त्या दुकानातल्या दरात दिसत नाहीत.

पहिली जागा उताऱ्याची. 0.1 टक्का म्हणजे टनाला 34 रुपये 60 पैसे. पाच लाख टन गाळप असेल तर 1 कोटी 73 लाख. बी-हेवी मळी (जिच्यात बरीच साखर शिल्लक ठेवलेली असते) किंवा रसापासून इथेनॉल केलं की पोत्यात पडणारी साखर कमी होते आणि कागदावरचा उतारा उतरतो. ती वळवलेली साखर उताऱ्यात परत मिळवून मगच दर काढायचा असतो. म्हणून ‘उतारा किती?’ एवढंच विचारू नका. ‘इथेनॉलकडे गेलेली साखर धरून किती?’ असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

दुसरी जागा दिल्लीत आहे. पायाभूत उतारा 2018-19 ला 9.5 वरून 10 आणि 2022-23 ला 10 वरून 10.25 झाला. त्या वर्षी एफआरपी 290 वरून 305 झाली, क्विंटलला 15 रुपये वाढले, असा गाजावाजा झाला. 12 टक्के उताऱ्याच्या उसाला जुन्या हिशेबाने 348 मिळाले असते, नव्या हिशेबाने 358.38 मिळाले. खरी वाढ दहा रुपये आणि काही पैसे. आपला भाग जास्त उताऱ्याचा, त्यामुळे पाया सरकला की फटका आपल्यालाच जास्त बसतो. यावर मोर्चा निघालेला फारसा दिसत नाही, कारण घोषणेत आकडा वाढलेलाच असतो.

तिसरी जागा काट्याची. 20 टनांच्या खेपेत दोन टक्के काटा मारला तर 400 किलो गेले, म्हणजे वरच्या दराने 1,662 रुपये. एखादी खेप आधी बाहेरच्या काट्यावर करा आणि पावतीवर वाहन क्रमांक व वेळ घ्या. रिकाम्या गाडीचं वजनही त्याच काट्यावर करायचं. हे बहुतेक जण विसरतात आणि मग तुलना टिकत नाही. तफावत निघाली तर तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे जाते.

राहिला कायदा. ऊस नियंत्रण आदेश 1966 नुसार ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. एफआरपीचे हप्ते पाडायची मुभा देणारा राज्याचा फेब्रुवारी 2022 चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द केला. शिवाय महाराष्ट्राच्या 2013 च्या कायद्याने साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नाचा 70 टक्के वाटा उसाचा ठरतो. हंगामाअखेर तो एफआरपीपेक्षा जास्त निघाला तर फरक द्यावा लागतो. हा हिशेब वार्षिक सभेत मागायचा असतो. ‘मंजूर, मंजूर’च्या आरोळीत तो बुडतो, म्हणून प्रश्न सभेपूर्वी लेखी देऊन पोच घ्या.

प्रश्न : पगार वाढला की स्लॅब बदलतो आणि हातात उलटे कमी येतात, असं कंपनीत सगळे म्हणतात. बढती नाकारू का? (सुपरवायझर, गोकुळ शिरगाव एमआयडीसी)

उत्तर : बढती नाकारू नका. वरचा दर फक्त वरच्या पैशाला लागतो. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत 16 लाखांपुढे 20 टक्के आहे. उत्पन्न 16 लाख 1 हजार झालं तर 20 टक्के त्या वरच्या हजारालाच, म्हणजे 200 रुपये. सबंध पगार वरच्या टोपलीत पडत नाही.

पण तुमचे सहकारी एका ठिकाणी अक्षरशः बरोबर आहेत. करपात्र उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो (पगारदाराला 75 हजारांची प्रमाणित वजावट धरून 12 लाख 75 हजार). ही रेषा ओलांडली की सवलत जाते. 12 लाख 10 हजारांना स्लॅबने 61,500 रुपये कर निघतो. सीमांत सवलतीमुळे तो वरच्या 10 हजारांपुरता राहतो, पण त्यावर 4 टक्के उपकर लागून 10,400 होतात. दहा हजार वाढले आणि चारशे खिशातून गेले! 12 लाख 70 हजारांवर हा तोटा 2,800 पर्यंत जातो. 12 लाख 75 हजार करपात्र झाले की कर 74,100, हातात 12 लाख 900. तिथून पुढे वाढ ती वाढच.

तुमचा आकडा या पाऊण लाखाच्या पट्ट्यात अडकत असेल तर रोख वाढीचा काही भाग कंपनीकडून एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) घाला. मूळ पगाराच्या 14 टक्क्यांपर्यंतचा मालकाचा वाटा नव्या प्रणालीतही वजा होतो. बाकी सर्वांनी निर्धास्त बढती घ्यावी.

प्रश्न : पूर्वी पिवळाधमक गूळ चांगला म्हणत. आता काळा तोच शुद्ध, सेंद्रिय आणि मधुमेहाला चालणारा म्हणतात. शिवाय दुप्पट भाव. नक्की काय घ्यावं? (गृहिणी, राजारामपुरी)

उत्तर : दोन्ही मतं रंगावर उभी आहेत, आणि रंगावरून शुद्धता कळत नाही.

गूळ कसा होतो ते आधी बघू. चरकातून आलेला रस काहिलीत चढतो. त्यात चुन्याची निवळी घालतात, त्याने रसाचा आंबटपणा कमी होतो. जंगली भेंडीचं चिकट पाणी घातलं की गाळ गोळा होऊन वर येतो आणि मळी काढता येते. मग आटवणं. साधारण 104-106 अंशांवर उतरवलं तर काकवी, 116-118 च्या आसपास गूळ. या शेवटच्या दहा-बारा अंशांत गुळव्याची परीक्षा असते. थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी कशी वळते ते बघून तो काहील उतरवतो. दोन मिनिटं उशीर झाला की साखर करपते आणि गूळ काळपट होतो.

म्हणजे काळेपणाला कारणं बरीच. जास्त आटवलं, चुना जास्त पडला, मळी नीट काढली नाही, रस काढून तासन्‌तास ठेवला, ऊस क्षारपड रानातला होता किंवा युरियावर वाढवला होता. यातलं एकही कारण ‘सेंद्रिय’ नाही. उलट युरियावर पोसलेल्या उसाचा गूळ काळा आणि मऊ पडतो, आणि तोच ‘नैसर्गिक’ म्हणून विकला जाऊ शकतो.

पिवळ्याचंही तसंच. मळी मन लावून काढली आणि आच सांभाळली तर गूळ रसायनाविना सोनेरी होतो. झटपट पिवळा करायचा तर हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, टाकतात. त्याने रंग उडतो, घाण जात नाही. हा रंग टिकाऊही नसतो, पावसाळी हवेत ढेप पुन्हा काळवंडू लागते. गुळात सल्फर डायऑक्साइडची मर्यादा किलोला 70 मिलिग्रॅम आहे. ते जिभेला किंवा डोळ्याला कळत नाही, प्रयोगशाळेतच कळतं. घरात दम्याचा रुग्ण असेल तर हा मुद्दा गंभीर आहे, कारण काहींना सल्फाइटने धाप लागते. सगळा दोष गुऱ्हाळवाल्याच्या माथी मारण्यात मात्र अर्थ नाही. सौद्यात रंगाला भाव मिळतो, गुजरातचा व्यापारी पिवळा मागतो, आणि गुऱ्हाळवाला जे विकतं ते बनवतो.

घरी एवढं करता येतं. दहा ग्रॅम गूळ काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात विरघळवून अर्धा तास ठेवा. तळाला पांढरी भुकटी बसली आणि तिच्यावर लिंबू पिळल्यावर फसफसलं तर खडूची पूड आहे. ढेप फोडल्यावर आत साखरेचे कोरडे, चमकदार कण दिसले तर साखर मिसळल्याचा संशय घ्या. साखर स्वस्त असते तेव्हा हा प्रकार वाढतो.

मधुमेहाबद्दल तडजोड नाही. गुळातला मोठा भाग सुक्रोजच असतो, काळ्यातही आणि पिवळ्यातही. शंभर ग्रॅमला 380 च्या आसपास कॅलरी, साखरेपेक्षा किंचित कमी. लोह असतं, पण चहात पडणाऱ्या चमचाभर गुळातून ते किती मिळणार? दुप्पट भाव द्यायचाच तर तपासणीचा अहवाल दाखवणाऱ्याला द्या.

प्रश्न : बँक 12 टक्के मागते, गाडीच्या शोरूममधला फायनान्सवाला फक्त 9 टक्के फ्लॅट. स्वस्त कोण? (विद्यार्थी, उद्यमनगर)

उत्तर : बँक. एक लाख, तीन वर्षं, 9 टक्के फ्लॅट म्हणजे व्याज 27 हजार आणि हप्ता 3,528. बँकेच्या घटत्या शिलकीवरच्या 12 टक्क्यांना हप्ता 3,321 आणि एकूण व्याज 19,571. फ्लॅटमध्ये तुम्ही दोन वर्षं फेडत आलात तरी व्याज पहिल्या दिवसाच्या लाखावरच मोजलं जातं. घटत्या हिशेबात तो दर सव्वासोळा टक्क्यांच्या घरात जातो. तीन वर्षांच्या कर्जाला फ्लॅट दर 1.8 ने गुणला की अंदाज बरोबर येतो. 1 ऑक्टोबर 2024 पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना कर्जाआधी मुख्य तथ्य पत्रक द्यावं लागतं. त्यात प्रक्रिया शुल्क धरून वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. तेवढाच आकडा दोन्हीकडचा शेजारी ठेवा. पतसंस्थेला हा नियम लागू नाही, तिथे हप्त्यांचं कोष्टक मागून हिशेब आपणच करायचा.

प्रश्न : कोल्हापुरात महापूर येतो तो अलमट्टीमुळेच, हे तर आता लहान मुलालाही माहीत आहे. तरी समित्या उलटं का सांगतात? (व्यापारी, व्हीनस कॉर्नर)

उत्तर : 2019 च्या महापुरानंतर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. त्या पुराला कर्नाटकात कृष्णेवर असलेलं अलमट्टी धरण आणि हिप्परगी बंधारा कारणीभूत नाहीत, असा तिचा निष्कर्ष होता. समितीवर विश्वास ठेवा असं आम्ही म्हणणार नाही. तपासायचं कसं, ते सांगतो.

धरणाचा फुगवटा खालून वर चढतो. अलमट्टी नदीच्या वाटेने दोनशेहून जास्त किलोमीटर खाली आहे. तिच्यामुळे पाणी चढत असेल तर आधी खालच्या बंधाऱ्यांवर चढायला हवं, मग पंचगंगा-कृष्णेच्या संगमावर नृसिंहवाडीला, आणि सर्वांत शेवटी कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर. म्हणून पावसाळ्यात वहीत तारीख, वेळ, राजाराम बंधाऱ्याची पातळी (इशारा 39 फूट, धोका 43 फूट), नृसिंहवाडीची पातळी, अलमट्टीची पातळी, आवक आणि विसर्ग असे रकाने आखा. गगनबावडा आणि राधानगरीचा पाऊसही शेजारी लिहा. जिल्हा आपत्ती कक्षाच्या रोजच्या पत्रकांतून आणि वर्तमानपत्रांतून हे आकडे मिळतात.

गगनबावड्यात धो धो पाऊस, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडलेले (एका दरवाजातून 1,428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी; दरवाजे सात) आणि अलमट्टी अजून 519.60 मीटरच्या पूर्ण पातळीखाली. अशा वेळी राजारामला पाणी चढलं तर ते कुंभी, कासारी, तुळशी, भोगावतीचं आहे, विजापूरकडून आलेलं नाही. पण पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाले आणि पाणी इंच-इंचानेच उतरतंय, तर प्रश्न खालचा आहे. तिथेही पहिला संशय कृष्णेवर घ्यावा. कोयनेतून विसर्ग चालू असताना कृष्णा भरून वाहते आणि नृसिंहवाडीला पंचगंगेचं पाणी तुंबतं. अलमट्टी त्याच्याही खाली.

क्युसेक आणि टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) यांचा गोंधळ टाळायला एक आकडा लक्षात ठेवा. एक लाख क्युसेक दिवसभर चाललं की 8.64 टीएमसी होतं. सबंध राधानगरी धरण 8.36 टीएमसीचं आहे, अलमट्टी 123 चं. ‘विसर्ग दोन लाखांवर नेला’ या बातमीचा अर्थ यावरून लागतो.

अलमट्टी निर्दोष आहे म्हणून तिची उंची 519.60 वरून 524.256 मीटर करायला हरकत नाही, असं मात्र यातून निघत नाही. साडेचार मीटरहून जास्त चढलेल्या पाण्याचा फुगवटा आणि साचणारा गाळ यांचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. शिरोळच्या शेतकऱ्याने त्याला विरोध करणं पूर्ण समजण्यासारखं आहे. आम्हाला खटकतं ते वेगळंच. सगळं पाप कर्नाटकच्या पदरात टाकलं की पूररेषेतली बांधकामं आणि महामार्गाचा शिरोलीजवळचा भराव यांवर कुणाला बोलावं लागत नाही. प्लॉट घेत असाल तर निळी आणि लाल रेषा नकाशावर बघा. निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या पुराची. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन्हींच्या मध्ये अटींवर. ‘इथे पाणी कधी आलं नाही’ हे एजंटचं वाक्य 2019 च्या आधीचं आहे की नंतरचं, तेही विचारा.

प्रश्न : नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द होते ना? काही जण म्हणतात, नोटा म्हणजे मत वाया. (प्रथमच मतदार, इचलकरंजी)

उत्तर : कोणती निवडणूक, त्यावर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2013 च्या निकालानंतर नोटा, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’ हा पर्याय, आला. लोकसभा-विधानसभेला नोटा पहिला आला तरी त्याच्या खालोखाल मतं मिळालेला उमेदवार निवडून येतो. अनामत वाचण्यासाठी वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो, त्या वैध मतांतही नोटा धरत नाहीत. तिथे तो निव्वळ निषेध.

महापालिका, नगरपरिषद आणि नगरपंचायतीला मात्र राज्य निवडणूक आयोगाचा नोव्हेंबर 2018 चा आदेश आहे. नोटा सर्वांत पुढे गेला तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. दुसऱ्यांदाही तसंच झालं तर नोटा सोडून सर्वाधिक मतं असलेला उमेदवार विजयी. म्हणजे इचलकरंजी महापालिकेत तुमच्या नोटाला वजन आहे, विधानसभेत नाही. बहुसदस्यीय प्रभागात प्रत्येक जागेचं मत वेगळं मोजलं जातं. ‘अ’ जागेला उमेदवार आणि ‘ब’ जागेला नोटा, असंही करता येतं.

जाता जाता ‘बिनविरोध म्हणजे गावाची एकी’ या सुविचाराबद्दल. बिनविरोध झालं की मतदानच होत नाही, त्यामुळे नोटाचं बटणही समोर येत नाही. नाशिकमधलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी इथे पदांचा लिलाव झाल्याचं उघड झाल्यावर राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी 2021 मध्ये ग्रामपंचायतीच्या निवडणुकाच रद्द केल्या होत्या. बिनविरोध करण्याचं ठरत असेल तर ग्रामसभेत दोन प्रश्न विचारा : माघार कुणी घेतली, आणि बोली लावून मंदिराच्या नावाने जमा झालेल्या रकमेची पावती कुणाच्या सहीची आहे?